व्यावसायिक इमारतीचा प्रकल्प: कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटींवर सोबत घ्यायचं

ऑफिसची इमारत, दुकानांचं संकुल किंवा गोदाम बांधायला निघालेला मालक बहुतेक वेळा सगळ्यात आधी आर्किटेक्ट गाठतो. देखणी थ्रीडी चित्रं येतात, ती बँकेला दाखवली जातात, आणि मग बाकीची मंडळी त्या चित्रामागे धावत सुटतात. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणतो कॉलम इथेच हवा. एसीवाला म्हणतो डक्टला जागाच ठेवलेली नाही. खर्चाचा हिशेब करणारा येतो तोवर बजेट केव्हाच उडालेलं असतं. यातला एकही जण कामात कच्चा असेलच असं नाही. माणसं उलट्या क्रमाने आली आणि एकाचं काम कुठे संपून दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे कोणी लिहून ठेवलं नाही, म्हणून घोळ होतो. निवडीची चर्चा अनुभव, नाव आणि फी यांवरच फिरते. माझ्या मते क्रम आणि हद्द या दोन गोष्टी त्यांच्याही आधी ठरायला हव्यात.

आधी स्वतःची दोन पानं

कोणालाही फोन करण्याआधी मालकाने दोन पानं लिहावीत. इमारत बांधून विकायची आहे, भाड्याने द्यायची आहे की स्वतः वापरायची? किती वर्षं हातात ठेवायची? पैसा किती, त्यातला कर्जाचा किती? कोणत्या तारखेच्या पुढे गेलं तर व्यवहारच फसतो? आणि रोजचे निर्णय घेणारी एक व्यक्ती कोण? कुटुंबाचा व्यवसाय असेल किंवा तीन-चार भागीदार असतील तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड जातो, पण तो टाळला तर सल्लागाराला चार जणांकडून चार सूचना मिळतात आणि तो प्रत्येक बदलाचं बिल लावतो. त्यात त्याचं काही चुकत नाही.

विकायचं की भाड्याने द्यायचं, यावर माणसांची निवड सरळ बदलते. भाड्याच्या इमारतीत एकूण बांधकामापैकी भाडं देणारं क्षेत्रफळ किती निघतं हा कळीचा आकडा. समजा इमारत १०,००० चौरस मीटरची आहे. एका आर्किटेक्टच्या आराखड्यात ८० टक्के जागा भाड्यायोग्य निघते, दुसऱ्याच्यात ७५ टक्के. फरक ५०० चौरस मीटरचा, आणि तो इमारत उभी आहे तोवर दर महिन्याला सोसायचा. आर्किटेक्टच्या फीमधली घासाघीस यापुढे किरकोळ ठरते. म्हणून भाड्याची इमारत असेल तर लिफ्ट, जिने, शाफ्ट आणि स्वच्छतागृहांचा गाभा आटोपशीर बसवण्यात मुरलेला माणूस शोधा, दर्शनी भाग कितीही साधा काढत असला तरी.

कोण आधी, कोण नंतर

जागेचा व्यवहार पक्का होण्याआधी चौघं लागतात: मालमत्तेचा वकील, नियोजन सल्लागार, मोजणी करणारा सर्व्हेयर आणि माती तपासणारा जिओटेक्निकल सल्लागार. मालकी हक्क, बोजा, रस्त्याचा हक्क, बांधकामाची परवानगी किती मिळते हे वकील आणि नियोजन सल्लागाराने बघायचं. जमिनीवर पूर्वी कारखाना, पेट्रोल पंप किंवा रंग-रसायनांचं गोदाम असेल तर पर्यावरण सल्लागारही इथेच हवा. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ई १५२७ हे मानक नेमकं यासाठी आहे: जागेचा जुना वापर कागदपत्रांतून, प्रत्यक्ष पाहणीतून आणि माहीतगारांशी बोलून तपासायचा आणि प्रदूषणाचा संशय घ्यावा असं काही आहे का ते ठरवायचं. संशय वाटला तर पुढच्या चाचण्या वेगळ्या करायच्या.

मातीची तपासणी मालकाने स्वतः नेमलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी. ती कंत्राटदाराच्या गळ्यात घातली की पायाचं काम सुरू झाल्यावर खडक किती खोल लागला यावर वाद सुरू होतो, आणि हातात एकाच बाजूचा अहवाल असतो.

त्यानंतर आर्किटेक्ट, आणि त्याच्यासोबतच स्ट्रक्चरल, एमईपी (एसी, वीज आणि पाणी-ड्रेनेज बघणारा) आणि खर्च सल्लागार, म्हणजे क्वांटिटी सर्व्हेयर. खर्च सल्लागाराला ड्रॉइंग पूर्ण झाल्यावर बोलावण्याची सवय महागात पडते. तेव्हा तो फक्त बेरीज करू शकतो. आधी आला असता तर कॉलमचं अंतर ठरताना बोलला असता. लीजिंग ब्रोकरलाही प्राथमिक आराखड्याच्या वेळीच एकदा बसवावं, भाडेकरू आणण्यासाठी नव्हे तर विचारण्यासाठी: या भागात भाडेकरू केवढे मजले मागतात, पार्किंग किती मागतात, वीजभार किती मागतात? पुढे इमारत सांभाळणाऱ्या फॅसिलिटी मॅनेजरचाही सल्ला याच काळात घ्या. काच पुसायला माणूस कुठून लोंबकळणार आणि चिलर बदलायचा झाला तर तो तळघरातून बाहेर कसा काढणार, हे प्रश्न त्याच्याशिवाय कोणाला सुचत नाहीत.

टप्पे पाडायला नवं काही शोधायची गरज नाही. ब्रिटनच्या रिबा या आर्किटेक्टांच्या संस्थेचा प्लॅन ऑफ वर्क १९६३ पासून वापरात आहे. त्याच्या २०२०च्या आवृत्तीत ० ते ७ असे आठ टप्पे आहेत, गरज ठरवण्यापासून इमारतीच्या वापरापर्यंत. ते जसेच्या तसे पाळा असं नाही, पण प्रत्येक टप्प्यापुढे कोण हवा आणि त्याने काय हातात द्यायचं एवढं लिहिलं तरी अर्धी स्पष्टता येते.

कंत्राटाचा साचा माणसांच्या आधी

आर्किटेक्टने पूर्ण डिझाइन करायचं, मग टेंडर काढून कंत्राटदार नेमायचा, हा एक मार्ग. डिझाइन आणि बांधकाम दोन्ही एकाच कंपनीकडे, हा दुसरा. मोठा कंत्राटदार न नेमता कामं तुकड्यांत वाटायची आणि व्यवस्थापक फी घेऊन सगळ्यांचा मेळ घालणार, हा तिसरा. कोणता निवडता यावर कोणत्या प्रकारची माणसं लागतील हे ठरतं, म्हणून हा निर्णय आधी.

फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या नमुना करारांच्या पुस्तकांतून ही विभागणी छान कळते. लाल पुस्तकात डिझाइन मुख्यतः मालकाच्या बाजूचं, पिवळ्यात कंत्राटदाराचं, आणि चंदेरी पुस्तकात टर्नकी काम, ज्यात जवळपास सगळी जोखीम कंत्राटदार उचलतो आणि साहजिकच तिची किंमत लावतो. २०१७ मध्ये या तिन्हींची दुसरी आवृत्ती आली.

पहिल्या मार्गात तुमच्या बाजूला भक्कम डिझाइन टीम आणि तपासणी करणारा पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, हवा. दुसऱ्यात कंत्राटदार निवडणं हीच मुख्य परीक्षा, पण तुमच्या गरजा नेमक्या लिहून देणारा आणि त्याचं डिझाइन तपासणारा स्वतंत्र सल्लागारही हवा. तो खर्च वाचवू नका. तिसरा मार्ग, मालकाकडे स्वतःची अनुभवी टीम असेल तरच. एका चेकवर सगळं काम देऊन मोकळं व्हायचं असेल तर तो तुमचा नव्हे.

हद्दी लिहा, नाहीतर मधली जागा कोणाचीच नाही

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीतले दोन लटकते पूल कोसळले. ११४ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. मूळ डिझाइनमध्ये छतापासून निघालेली एकच सलग सळई चौथ्या मजल्याच्या पुलातून खाली दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत जाणार होती. प्रत्येक पुलाचा भार त्या सळईवर स्वतंत्रपणे. पुढे सोयीसाठी बदल झाला: सलग सळईच्या जागी दोन तुकडे. एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली. कागदावर हा बदल क्षुल्लक दिसतो. पण त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि तिथल्या नटवर दुप्पट भार आला. स्टीलचे भाग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरच्या शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे प्रत्यक्ष भाग बनवण्याच्या ड्रॉइंगवर, इंजिनिअरच्या तपासणीचा शिक्का होता. चौकशीत कळलं की त्या जोडाचं गणित कोणीच केलेलं नव्हतं. जोडाचं डिझाइन फॅब्रिकेटर करतो असं इंजिनिअरांचं म्हणणं, आणि शिक्का मिळाला म्हणजे तपासलं असा फॅब्रिकेटरचा समज. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने पुढे रद्द झाले.

दोन व्यावसायिकांच्या मधली ही जागा प्रत्येक प्रकल्पात असते; बहुतेक ठिकाणी तिथून माणसं नव्हे, पैसे जातात, एवढाच फरक. म्हणून करार करण्याआधी जबाबदारीचा तक्ता करा. उभ्या रांगेत कामं, आडव्या रांगेत माणसं, आणि प्रत्येक चौकटीत कोण करतो, कोण तपासतो, कोणाला फक्त कळवायचं. एका कामाला करणारे दोन असले तर तो शून्यच समजा. या जागा नेमक्या बघा: स्टीलच्या जोडांचं डिझाइन, काचेच्या दर्शनी भागाच्या अँकरचं गणित, स्लॅबमधली भोकं आणि त्यांचं फायर सीलिंग, तळघराचं वॉटरप्रूफिंग, लिफ्टचा खड्डा आणि मशीन रूम, सगळ्या सर्व्हिसेसचं एकत्रित ड्रॉइंग, शेवटी कमिशनिंग, म्हणजे सगळी यंत्रणा चालवून तपासणं.

दर्शनी भागासाठी वेगळा फसाड सल्लागार घ्यायचा की नाही, यावर मालक कां-कूं करतात. लंडनमधल्या २० फेनचर्च स्ट्रीट या इमारतीची आतल्या बाजूला वळलेली काच २०१३ मध्ये खालच्या रस्त्यावर ऊन एकवटत होती. तिथे उभ्या असलेल्या एका गाडीचे भाग वितळले, आणि पुढच्या वर्षी इमारतीला सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. साध्या आयताकृती इमारतीला हा सल्लागार लागणार नाही. काच वळणार, तिरकी होणार किंवा खूप उंच जाणार असेल तर लागतो.

यादी करताना लॉबी नव्हे, तळघर बघा

प्रत्येक भूमिकेसाठी आठ-दहा नावं जमवा, त्यातून तीन-चार ठेवा. चाळणी साधी: तुमच्याच प्रकारचं आणि साधारण तेवढ्याच आकाराचं काम गेल्या काही वर्षांत पूर्ण केलंय का? घरं बांधणारा उत्तम कंत्राटदार शीतगोदामात अडखळू शकतो, कारण तिथल्या इन्सुलेशनची आणि फरशीच्या सपाटीची शिस्त वेगळीच असते.

पुस्तिकेतल्या फोटोंवर जाऊ नका. त्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी दिलेली इमारत बघायला जा, आणि तिथे मालकाऐवजी ती रोज सांभाळणाऱ्या माणसाला भेटा. मालकाला आपला निर्णय बरोबर होता असंच सांगायचं असतं. गच्ची, प्लँट रूम आणि सगळ्यात खालचं तळघर बघा. भिंतीवर क्षारांचे पांढरे डाग आहेत का, सांध्याखाली पन्हळ लावून पाणी बादलीत सोडलंय का, पंपाच्या झडपेपर्यंत हात पोचतो का की माणसाला पाइपावर आडवं व्हावं लागतं? इलेक्ट्रिकल पॅनेलवर सर्किटांची नावं छापलेली आहेत की मार्करने लिहिलेली? ॲज-बिल्ट ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्ष बांधलं तशी ड्रॉइंग, मागा. पाच मिनिटांत निघाली तर ज्यांनी हे काम केलं ती माणसं शिस्तीची.

संदर्भ विचारताना "काम कसं झालं?" असं विचारलं की "चांगलं झालं" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: किती एक्स्ट्रा आयटम आले आणि त्यातले किती डिझाइन अपुरं असल्यामुळे? अंतिम बिल मिटायला किती वेळ लागला? शेवटच्या टप्प्यात साइटवर तीच माणसं होती का? आणि अर्धवट राहिलेल्या किंवा भांडणात गेलेल्या एखाद्या प्रकल्पाचा मालक भेटला तर त्याच्याशी जरूर बोला, फक्त दोन्ही बाजू ऐकून.

मुलाखत: सगळ्यांना एका टेबलावर

सादरीकरणाला संचालक येतात आणि कामाला दुसरेच, ही जुनी तक्रार आहे. त्यावर उपाय एकच. प्रत्यक्ष काम करणारा प्रोजेक्ट आर्किटेक्ट, प्रत्यक्ष साइटवर बसणारा इंजिनिअर यांनाच बोलवा, त्यांच्याकडे सध्या किती कामं आहेत ते विचारा, आणि त्यांची नावं करारात घाला. तुमच्या लेखी संमतीशिवाय बदल नाही.

वेगवेगळ्या मुलाखती झाल्यावर शेवटच्या फेरीत आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल आणि एमईपी यांना एकत्र बसवून तासाभराचं खरं काम द्या. समजा, एका मजल्याचा छेद. मजल्यापासून मजल्यापर्यंत उंची ३.९ मीटर. वर उचललेली फरशी १५० मिलिमीटर, स्लॅब धरून बीम ६००, इन्सुलेशनसह डक्ट ४५०, स्प्रिंकलर, दिवे आणि सीलिंग मिळून १५०. उरले २.५५ मीटर. भाडेकरूला हवेत २.७५. हे २०० मिलिमीटर कुठून आणायचे?

मग गप्प बसून ऐका. कोणी म्हणेल बीममध्ये भोक ठेवून डक्ट नेऊ, कोणी म्हणेल बीम रुंद आणि उथळ करू, कोणी म्हणेल एसीची पद्धतच बदलू, कोणी मजल्याची उंची वाढवा म्हणेल. उंची वाढवली तर १२ मजल्यांत २.४ मीटर वाढतात. तेवढी काच, तेवढे पाइप, आणि परवानगीची उंची ओलांडली तर कदाचित एक मजला जातो. हे कोण बोलून दाखवतं? दुसऱ्याचं म्हणणं कोण पुरतं ऐकून घेतं? "ते नंतर साइटवर बघू" कोण म्हणतं? तासाभरात जे दिसतं ते दहा शिफारसपत्रांत मिळत नाही. या तासाचे पैसे मात्र द्या. फुकटात डोकं चालवायला लावणाऱ्या मालकाबद्दल बाजारात लवकर कळतं.

फी आणि टेंडर

सल्लागारांसाठी दोन लिफाफ्यांची पद्धत बरी: आधी तांत्रिक प्रस्तावाला गुण, मग आर्थिक लिफाफा उघडायचा. जागतिक बँकेच्या कामांत गुणवत्ता आणि किंमत यांना एकत्र भार देऊन सल्लागार निवडण्याची पद्धत रूढ आहे. ८०:२० किंवा ७०:३० अशा भारांनी खासगी मालकालाही ती वापरता येते.

बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर फी ठेवली तर खर्च वाढला की सल्लागाराची फीही वाढते. तो मुद्दाम वाढवेल असं मी म्हणत नाही, पण कमी करायचं कारण तरी त्याच्याकडे कुठलं? कामाची व्याप्ती नीट ठरली असेल तर टप्प्याटप्प्याने ठोक रक्कम चांगली. साइटच्या किती भेटी, किती फेरबदल त्यात धरलेत आणि त्यापुढे दर काय, हेही लिहा. फार कमी फी आली तर आनंदून जाऊ नका. ती भेटींमध्ये आणि तपासणीत भरून निघते, किंवा पुरवठादारांकडून.

कंत्राटदाराच्या टेंडरमध्ये शेवटची बेरीज ही सगळ्यात कमी उपयोगाची गोष्ट आहे. खर्च सल्लागाराकडून दरांची आडवी तुलना करून घ्या. खोदाई आणि पायाचे दर चढे, फिनिशिंगचे दर पडलेले, एकूण रक्कम सर्वांत कमी, असं टेंडर दिसलं तर थांबा. असा कंत्राटदार सुरुवातीच्या आरए (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिल्या जाणाऱ्या) बिलांत पैसा उचलतो. मधे त्याने काम सोडलं तर तुम्ही झालेल्या कामापेक्षा जास्त दिलेलं असतं, आणि उरलेलं काम त्या पडेल दरात करायला कोणीही येत नाही. वगळलेल्या बाबींची यादी, तात्पुरत्या धरलेल्या रकमा आणि पत्रातल्या बारीक अटी सगळ्यांच्या एका पातळीवर आणल्याशिवाय एल-१, म्हणजे खरोखर सर्वांत कमी रकमेचा, कोण, हे ठरतच नाही.

पैशाची ताकद, विमा, हितसंबंध

कंत्राटदाराचे तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आज हातात असलेली कामं त्याच्या वार्षिक उलाढालीच्या तुलनेत किती आहेत ते. झपाट्याने वाढणारी कंपनी बाहेरून यशस्वी दिसते. आतून एका साइटचा पैसा दुसरीकडे फिरत असतो. सिमेंट, स्टीलच्या पुरवठादारांना आणि जुन्या उपकंत्राटदारांना विचारा की पैसे किती दिवसांत मिळतात. ही बातमी ताळेबंदाच्या कितीतरी आधी कळते.

परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे कंत्राटदार काम नीट पूर्ण करेल याची बँकेची हमी, साधारण ५ ते १० टक्क्यांची असते. ती मागताक्षणी बँकेने द्यायची आहे की आधी कसूर सिद्ध करावी लागते, हे वकिलाकडून वाचून घ्या. दोन्हींत फार अंतर आहे. रिटेन्शन, म्हणजे बिलांतून रोखून ठेवलेली रक्कम, बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास; तिचा अर्धा भाग काम पूर्ण झाल्यावर आणि उरलेला दोषदायित्वाची, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्याची, मुदत संपल्यावर सोडतात.

सल्लागारांच्या व्यावसायिक दायित्व विम्यात एक खाच आहे. हा विमा सहसा दावा दाखल होतो त्या वेळी चालू असावा लागतो. चूक झाली तेव्हा चालू होता एवढ्याने भागत नाही. गळती ताब्यानंतर चौथ्या वर्षी सुरू झाली आणि सल्लागाराने तिसऱ्या वर्षीच विमा बंद केला असेल, तर तुमच्या हातात काहीच नाही. म्हणून पूर्णत्वानंतर ठरावीक वर्षं विमा चालू ठेवण्याची अट आणि दरवर्षी प्रमाणपत्राची मागणी.

हितसंबंधांचं लेखी निवेदन सगळ्यांकडून घ्या. पुरवठादाराकडून कमिशन नाही, कंत्राटदाराशी नातं नाही, दोन्ही बाजूंची दलाली नाही; आणि असेल तर आधी सांगायचं. स्पेसिफिकेशनमध्ये एकाच ब्रँडची अट दिसली की कारण विचारायचं. कधी ते खरंच तांत्रिक असतं.

करारात हे राहून जातं

क्षेत्रफळ कोणत्या मानकाने मोजायचं ते सगळ्यांच्या करारात एकच लिहा, मग ते आंतरराष्ट्रीय आयपीएमएस असो, अमेरिकेतलं बोमा असो की स्थानिक. आर्किटेक्ट, ब्रोकर आणि बँकेचा मूल्यांकनकार वेगवेगळ्या पद्धतीने मोजत असले तर एकाच मजल्याचे तीन आकडे तयार होतात आणि भाडेकरू नेमका तिसरा घेऊन बसतो.

साइटवरून आलेल्या शंकेला उत्तर किती दिवसांत द्यायचं, ते आकड्यात. वाद झाला तर आधी कोणाकडे, मग कोणाकडे. डिझाइन पुढे कंत्राटदाराकडे सोपवायचं असेल तर सल्लागाराचा करार त्याच्याकडे वळवता येण्याची तरतूद. फी भरलेल्या टप्प्यापर्यंतच्या ड्रॉइंगचा वापर करण्याचा हक्क, आणि ती फक्त पीडीएफमध्ये नव्हे तर मूळ संपादनयोग्य फाइलींत मिळण्याचा हक्क. माणूस बदलायची वेळ आली की सगळं इथेच अडतं. नवा सल्लागार पीडीएफवरून पुन्हा रेषा मारत बसतो आणि त्याचे पैसे मालक भरतो.

बदलायची वेळ आली हे साधारण पहिल्या तीन महिन्यांत दिसतं. मीटिंगचं टिपण मागितल्याशिवाय येत नाही. ड्रॉइंगचे रिव्हिजन क्रमांक जुळत नाहीत. करारात नाव असलेला माणूस "आज दुसऱ्या साइटवर आहे". एकदा समोरासमोर बोला, मुद्दे लेखी द्या, सुधारायला दोन आठवडे द्या. नाही सुधारलं तर कराराप्रमाणे नोटीस देऊन हिशेब पूर्ण करा, फाइली ताब्यात घ्या आणि शॉर्टलिस्टमधल्या दुसऱ्या नावाला फोन लावा. त्यासाठी निवड झाल्यावरही त्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला नकाराचं नीट पत्र पाठवलेलं असावं, कारणासकट. नुसतं मौन पाळलं असेल तर तो फोन उचलेलच असं नाही.